अंदाजाचं माप

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "स्वयंपाकघरातले प्रयोग." त्यावर पलीकडून विचारणा झाली, "म्हणजे पाककृती का? मग महिलांच्या कार्यक्रमात ठेवू या का?" मी म्हटलं, नको. सगळ्यांसमोर ठेवा आणि जेवणानंतर ठेवा. उपाशी माणसांपुढे मोदकांविषयी बोलणं बरं नव्हे. आज वाढप्यांनी आपलं काम चोख केलंय, तेव्हा मागच्या बाकावरच्यांना झोप लागली तरी मी मनाला लावून घेणार नाही. त्यांची जुनी सवय आपल्या सरांना माहीत आहेच.

ज्यांची-माझी गाठ १९७९ च्या दहावीनंतर आजच पडते आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी तेहतीस वर्षं औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत काम केलं. आज बनलेली गोळी आणि सहा महिन्यांनी बनणारी गोळी सारखीच असली पाहिजे, एवढं बघणं हे आमचं काम. हे काम मी कॉलेजात शिकले असं माझ्या सहकाऱ्यांना वाटायचं. खरं तर मी ते इथे, या इमारतीच्या टोकाच्या खोलीत शिकले. प्रयोगवहीतले पाच मथळे आठवताहेत ना? उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणाच्या जागी कुणी अनुमान लिहिलं की वही परत यायची. "आधी दिसलं काय ते लिही, वाटलं काय ते नंतर," असं आपल्या बाई म्हणायच्या. बाई आज पहिल्या रांगेत आहेत, म्हणून मी जपून बोलते आहे.

निवृत्तीनंतर मी हेच पाच मथळे स्वयंपाकघरात नेले. उद्देश साधा होता. आपल्या घरात वर्षानुवर्षं होणारे दहा-बारा पदार्थ घ्यायचे आणि प्रत्येकाच्या बाबतीत शोधायचं, की यात कशानं फरक पडतो आणि कशानं पडत नाही. "आमच्याकडे असंच करतात" हे उत्तर प्रेमाचं असलं तरी प्रयोगवहीत चालत नाही.

नियम चारच ठेवले. पहिला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणी बदललं तर तांदूळ तोच, भांडं तेच, शेगडी तीच. दुसरा, वाटीनं न मोजता वजन करायचं. तिसरा, एकदा जमलं म्हणजे जमलं असं नाही. तीन वेळा तसंच झालं तरच वहीत उतरवायचं. चौथा नियम सगळ्यांत मजेचा. चाखणाऱ्याला काय चाखतोय ते कळू द्यायचं नाही.

या चौथ्या नियमासाठी आमच्या क्षेत्रात एक सोपी चाचणी आहे. ताटात तीन वाट्या ठेवायच्या. दोन वाट्यांत एकच पदार्थ आणि तिसरीत वेगळ्या रीतीचा. चाखणाऱ्यानं फक्त वेगळी वाटी ओळखायची. नुसता अंदाजपंचे बोट ठेवलं तरी तिघांत एकाचं उत्तर बरोबर येणारच. म्हणून नऊजण बसवले आणि तिघा-चौघांनी बरोबर ओळखलं, तर समजायचं की फरक कळण्याइतका नाही. सहा-सातजणांनी ओळखलं, तर काहीतरी आहे. आमच्या सोसायटीतले नऊजण मी या कामाला लावले. सुरुवातीला फुकट खायला मिळतं म्हणून आले. पुढे पुढे आपापसात वाद घालायला येऊ लागले.

आता थोडी निरीक्षणं सांगते.

साबुदाण्याची खिचडी घेऊ. ही आपल्याकडची उपासाची राणी, पण साबुदाणा मात्र टॅपिओकाच्या, म्हणजे कसाव्याच्या कंदाच्या पिठापासून बनतो, आणि आपल्याकडे येणारा बराचसा माल तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरातून येतो. खिचडीचा गोळा होणं हे सगळ्या घरांचं दुखणं. प्रत्येक घरात त्याला वेगळं कारण दिलं जातं. मी दोनशे ग्रॅम साबुदाणा धरून सगळी कारणं एकेक करून तपासली. तीन गोष्टींनी फरक पडला. एक, धुणं. दाण्यावरची सुटी पिठी दोन-तीन पाण्यांत निघून गेली पाहिजे. ती राहिली तर तव्यावर तीच गोंदाचं काम करते. दोन, भिजवण्याचा वेळ. तेवढंच पाणी घालून एक तास ठेवला, तर दाणा बाहेरून चिकट आणि आत कच्चा. पाच तास ठेवला, तर पाणी गाभ्यापर्यंत सारखं पोचतं आणि बोटांत दाबल्यावर मध्ये खडा लागत नाही. तीन, दाण्याचं कूट आणि मीठ-साखर कढईत जाण्याआधी साबुदाण्याला चोळून ठेवणं. कूट दाण्यादाण्याला चिकटतं आणि एकाला दुसऱ्यापासून लांब ठेवतं. साबुदाणा पारदर्शक झाला की थांबायचं; त्यापुढे परतत राहिलं तर तो पुन्हा चिवट होतो. आणि कशानं फरक पडला नाही? जिरं तुपात तडतडलं की तेलात, यानं चव बदलली, पण मोकळेपणा बदलला नाही. तेव्हा "तूप घातलंस म्हणून गोळा झाला" हा आरोप ज्यांच्यावर झाला असेल, त्यांची आज निर्दोष मुक्तता होत आहे.

दुसरं, तुरीचं वरण. कुकरमध्ये सगळंच शिजतं, कारण आतल्या दाबामुळे पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं. फरक बघायचा तर उघडं पातेलंच हवं. मी एकच डाळ दोन पातेल्यांत शिजवली. एकात बोअरचं पाणी आणि दुसऱ्यात नळाचं. बोअरच्या पाण्यातली डाळ कितीतरी वेळ बोटचेपी होईना. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, म्हणून हे होतं. आपल्या लहानपणी काही आळ्यांतल्या बायका पिण्याचं पाणी एका विहिरीचं आणि डाळीचं पाणी दुसऱ्या विहिरीचं आणायच्या, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. त्यांना पेक्टिन हा शब्द माहीत नव्हता, पण निरीक्षण पक्कं होतं.

चिंच किंवा आमसूल डाळ शिजण्याआधी घालू नये, ही दुसरी शिकवण. तीही खरी निघाली. आंबटानं डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो. पुरणात गूळ डाळ पुरती मऊ झाल्यावरच घालायचा, हेही तितकंच खरं. डाळ अर्धी कच्ची असताना गूळ पडला तर पुढे कितीही घोटा, कण राहतोच. मात्र "मीठ आधी घातलं तर डाळ शिजत नाही" हे जे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, त्याचा माझ्या पातेल्यात तीनही वेळा काही पुरावा मिळाला नाही.

कांदेपोह्यांवर वेळ घालवत नाही. जाड पोहे चाळणीत धरून पाण्याखाली भिजवायचे आणि निथळून दहा मिनिटं झाकून ठेवायचे. बाकी सगळं तुमची फोडणी आणि तुमचे पाहुणे.

भाकरीविषयी मात्र दोन मिनिटं हवीत. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं. मग भाकरी थापताना तुटत का नाही? कारण उकळतं पाणी घातलं की पिठातला थोडा स्टार्च फुलतो आणि चिकट होतो, आणि तोच पिठाला धरून ठेवतो. एकाच डब्यातलं पीठ गार पाण्यात आणि कढत पाण्यात मळून शेजारी-शेजारी थापून बघा, लगेच कळेल. आणि पीठ जुनं झालं की भाकरीला चिरा पडतात. याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: पिठाची "विरी" गेली. प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं काढून मला एका शब्दात एवढं सांगता आलं नसतं. पिठाचा चिकटपणा, त्याचं वय आणि ते आता कामाचं नाही हा निकाल, तिन्ही त्या दोन अक्षरांत आहेत.

आता ज्या पदार्थासाठी मी हा सगळा खटाटोप सुरू केला, त्याकडे येते. तो म्हणजे उकडीचे मोदक.

माझ्या आईचे मोदक तुमच्यापैकी काहींनी खाल्ले आहेत. आमच्या घरी गणपतीत येणारी तुमची पलटण मला आठवते. आई आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग दिवस. मग एकदा मी तिला विचारलं, "आई, उकडीला पाणी किती घेतेस?" ती म्हणाली, "अंदाजानं." हेच उत्तर तिनं मला विसाव्या वर्षीही दिलं होतं आणि चाळिसाव्याही. पण या वेळी मी पुढे विचारलं, "म्हणजे कसं?", तर ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. सांगायला तिच्याकडे शब्दच उरले नव्हते.

पण मी तिला ओट्याशी नेलं, पिठाचा डबा पुढे ठेवला आणि पाणी उकळायला लावलं, तेव्हा तिच्या हातांनी काम सुरू केलं. हातांना सगळं आठवत होतं. मग मी प्रयोगशाळेत जे केलं असतं तेच केलं. तिला काही विचारायचंच नाही असं ठरवलं. पिठाचा डबा तिच्या हाती देण्याआधी वजनकाट्यावर ठेवला आणि परत घेतल्यावर पुन्हा ठेवला. मधला फरक म्हणजे तिनं घेतलेलं पीठ. पाण्याच्या तांब्याचंही तसंच. सारणाच्या कढईचंही आधी आणि नंतर. बोटांवर घेऊन शिंपडलेल्या पाण्यासाठी वाटी वेगळी ठेवली आणि तीही तोलली. एका पावसाळ्यात हे मी अकरा वेळा केलं.

काय दिसलं ते सांगते. तिची पिठाची मूठ साठ ग्रॅमच्या आसपास भरायची, आणि अकरा दिवसांत ती चार ग्रॅमच्या पलीकडे कधी हलली नाही. पीठ आणि पाणी यांचं प्रमाण वजनानं एकास दीडच्या किंचित वर. आमच्या कारखान्यात याला उत्तम यंत्र म्हटलं असतं.

याउलट वाटीचं माप बघा. दीडशे मिलिलिटरची एकच वाटी घेतली. चाळलेलं पीठ हलक्या हातानं भरलं, तर चौऱ्याऐंशी ग्रॅम भरलं. तीच वाटी ओट्यावर आपटून दाबून भरली, तर एकशेआठ ग्रॅम. पाणी मात्र दोन्ही वेळा दीडशे ग्रॅमच. म्हणजे "एक वाटी पिठाला एक वाटी पाणी" ही एकच कृती दोन घरांत दोन वेगळ्या उकडी देते, आणि दोघीजणी आपापल्या नशिबाला दोष देतात.

बाकीचे प्रश्न मी नंतर एकटीनं सोडवले. पाणी खळखळून उकळत असतानाच पीठ घातलं, तर तांदळाचा स्टार्च पुरता फुलतो. पाणी उतरवून जरा थंडावल्यावर घातलं, तर उकड दिसायला तशीच, पण कळ्या पाडताना कडेला चिरते. तो स्टार्च फुलायला साधारण सत्तर अंशांच्या वर उष्णता लागते, आणि गार पिठाचा ढीग पडला की पाण्याचा पारा झपकन खाली येतो. म्हणून झाकण ठेवून वाफ आणायची आणि चटका सोसेल इतकी गरम असतानाच मळायची. पाण्यात चमचाभर तेल घालावं की तूप, यावर आमच्या नातेवाइकांत दोन तट आहेत. तीन वाट्यांच्या चाचणीत नऊपैकी चौघांनी फरक ओळखला, म्हणजे नशिबानं येतो तेवढाच. त्या वादावर मी पडदा टाकला आहे. तट मात्र कायम आहेत.

सारणाचा प्रश्न वेगळा होता. आई "सुटायला लागलं की उतरव" म्हणायची. सुटणं म्हणजे नेमकं कधी? मी कढईसकट वजन करत गेले. तीनशे ग्रॅम खवलेला नारळ आणि दीडशे ग्रॅम गूळ, असं साडेचारशे ग्रॅम सारण चारशेच्या जवळ आलं की आई गॅस बंद करायची. त्यापुढे आटवलं, तर गार झाल्यावर दाताखाली खडबडीत होतं. आधी उतरवलं, तर पाणी सुटून मोदक तळाशी फुटतो. सुटणं या शब्दाचं माझ्या वहीतलं भाषांतर आता असं आहे: नऊ भागांतला एक भाग वाफ होऊन गेला की.

पण एका गोष्टीला माझ्या काट्यानं हात टेकले. अकरापैकी दोन दिवस आईनं पाणी कमी घेतलं होतं. मी वहीत मागे जाऊन बघितलं. एके दिवशी पिठी आदल्याच दिवशी धुतल्या तांदळाची दळून आणलेली होती, आणि दुसऱ्या दिवशी डबा दोन दिवस उघड्या खिडकीशी राहिला होता, बाहेर पावसाची झड. दोन्ही पिठांत ओल जास्त होती. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि आदल्या दिवशीचंही तिला आठवत नव्हतं. तिनं डब्यात हात घातला, पीठ बोटांमधून सोडलं आणि तांब्या जरा आधीच उभा केला. कानाच्या पाळीइतकी मऊ, हे तिचं मोजमाप होतं, आणि ते तिच्या बोटांत होतं.

मित्रांनो, माझं अनुमान इथे आहे. अंदाज हा मापाच्या उलट असतो असं आपण समजतो. माझी वही तसं म्हणत नाही. अंदाज म्हणजे पन्नास वर्षांची मापं, जी कुठेही लिहून ठेवलेली नाहीत. त्यात कसूर नाही, पण एक मोठा धोका आहे. ती ज्या माणसाच्या हातात असतात, त्याच्याबरोबरच जातात.

आणखी एक बाजू आहे, ती इथे बोललीच पाहिजे. "तिच्या हाताला चव आहे" असं आपण कौतुकानं म्हणतो. त्या कौतुकात कितीतरी बायका आयुष्यभर ओट्याशी अडकल्या. चव तिच्याच हाताला, म्हणजे करायचंही तिनंच. आजारी असली तरी, पाहुणे वीस असले तरी. जे लिहिलं जातं ते दुसऱ्या कुणालाही करता येतं, आणि मग ते तिच्या एकटीच्या डोक्यावर राहत नाही. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' आलं आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. 'रुचिरा' घेऊन किती मुली परगावी, परदेशी संसाराला गेल्या हे आपल्याच वर्गातल्या मैत्रिणींना विचारा. त्या पुस्तकांनी चव दिली, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शेजारी सासू किंवा आई नसतानाही स्वयंपाक करता येईल असा धीर दिला. वाटी-चमच्यातला तो धीर आता आपण ग्रॅममध्ये थोडा पुढे नेऊ शकतो.

माझा धाकटा भाऊ पुण्यात एकटा राहतो. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेली. आमच्या घरचा गणपती त्याच्याकडे असतो. वहिनी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मोदक विकत आणले, आणि त्यानं ते पानात वाढताना मान वर केली नाही. पुढच्या वर्षी मी त्याला एक कागद पाठवला. एका बाजूला ग्रॅम, दुसऱ्या बाजूला वेळ, आणि खाली तीन ओळी: ओल जास्त वाटली तर पाणी दहा ग्रॅम कमी कर, उकड चिरली तर बोटानं पाणी लाव, घाई करू नको. त्याचा फोन आला, "ताई, कळ्या किती पाडायच्या ते लिहिलं नाहीस." मी म्हटलं, "तुला जमतील तेवढ्या." त्यानं एकवीस मोदक केले. पहिल्या सात-आठांना कळ्या कमी होत्या, शेवटच्यांना बऱ्या. दर्शनाला आईला घेऊन गेलो होतो. तिनं मोदकाचा तुकडा तोंडात घातला, थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "पाणी जरा कमी पडलंय रे." तिनं त्याचं नाव घेतलं नाही, ते तिला त्या दिवशी आठवत नव्हतं. पण पाणी कमी पडलं होतं हे खरं. त्यानं दुसऱ्या दिवशी दहा ग्रॅम वाढवलं. कागदावर आता ती दुरुस्ती त्याच्या अक्षरात आहे.

आता थोडं "सर्वोत्तम" या शब्दाविषयी. मी सुरुवातीला समजत होते की प्रत्येक पदार्थाची एक सर्वोत्तम रीत असणार आणि प्रयोगानं ती सापडणार. अर्ध्या पदार्थांच्या बाबतीत तसंच झालं. गोळा झालेली खिचडी, कणी राहिलेलं पुरण, चिरलेली उकड, हे दोष आहेत. डोळे मिटून चाखताना नऊच्या नऊजणांनी ते दोष म्हणूनच ओळखले, मग तो माणूस कोकणातला असो की खानदेशातला. त्यांची कारणं शोधता येतात आणि ती काढता येतात.

पण पुरणपोळीच्या दिवशी वेगळंच घडलं. मी दोन रीती ठेवल्या होत्या. एकात पुरण भरपूर, गूळ जास्त, जायफळ. दुसरीत पोळी मोठी, गोड कमी, आणि सोबत झणझणीत कटाची आमटी. दोन्हींत दोष नव्हता. नऊजणांनी सर्वोत्तम कुठली ते सांगायचं होतं. पाच आणि चार अशी मतं पडली. मग मी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या घरी कशी असायची? ज्याच्या घरी जी होत असे, तीच त्याला सर्वोत्तम वाटली होती. अपवाद एकच, आणि त्या गृहस्थांनी सांगितलं की त्यांच्या घरी पुरणपोळी सासूबाईंच्या हातची चांगली व्हायची! तिथे माझी वही थांबते. दोषाला उत्तर असतं. आवडीला घर असतं. प्रयोगानं दोष काढावेत आणि आवडीला हात लावू नये. "आमचं खरं, तुमचं चुकीचं" असं म्हणताना आपण कशाविषयी बोलतो आहोत, दोषाविषयी की आवडीविषयी, एवढं आधी विचारलं तर सुना-सासवांची आणि व्याह्या-विहिणींची बरीच भांडणं टळतील.

भौतिकशास्त्राच्या सरांसाठी एक निरीक्षण राखून ठेवलं आहे. सर, आपण शिकवलं होतं की उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिथे गेलो तेव्हा मी थर्मामीटर नेला होता. उकळत्या पाण्यात पारा शहाण्णवच्या वर गेला नाही. पातेल्यातल्या भाताला घरच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. बरोबरची मंडळी भुकेनं कासावीस झाली होती आणि मी आनंदानं वहीत आकडे लिहीत होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा धडा खरा निघाल्याचा आनंद होता तो. त्या दिवशी घरच्यांनी माझं नाव प्रयोगशाळा ठेवलं.

शेवटी एक मागणं मागते आणि थांबते.

आज इथे आपण साठीच्या घरातली माणसं आहोत. आपल्यापैकी काहींच्या घरी अजून आई आहे, मावशी आहे, सासूबाई आहेत. काहींच्या घरी त्या नाहीत, पण तुमच्याच हातात त्यांचा एखादा पदार्थ आहे, जो तुम्हीही अंदाजानं करता. भाऊ मंडळींनो, हे तुम्हालाही लागू आहे; मटणाचा रस्सा करणारे तीनजण मला याच वर्गातले माहीत आहेत. घरी गेल्यावर एकच पदार्थ निवडा. त्यांना प्रमाण विचारू नका, ते त्यांना सांगता येणार नाही. त्यांना करू द्या, आणि तुम्ही डबा आधी तोला, नंतर तोला. तीन वेळा करा. पाचशे रुपयांच्या आत स्वयंपाकघरातला वजनकाटा मिळतो. एका पानावर लिहा: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. खाली ज्यांच्या हातून तोललं त्यांचं नाव लिहा. हे नाव विसरू नका, कारण आपल्या आया-आज्यांची नावं कुठल्याच वहीवर नाहीत.

ती पानं पुढच्या मेळाव्यापर्यंत माझ्याकडे पाठवा. आपण ती एकत्र बांधू आणि एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवू. बाईंना विनंती आहे की त्यांनी ती वही नेहमीच्या पद्धतीनं तपासावी. निरीक्षणाच्या जागी कुणी अनुमान लिहिलं असेल, तर लाल शाईनं परत पाठवावी. त्या लाल शाईची आम्हाला अजून सवय आहे.